दत्तकविधान आणि जन्मदात्यांचा अधिकार

आपल्या ज्ञातीतील घराण्यांचे कुळवृत्तांत चाळू लागले म्हणजे ‘दत्तक आले’ आणि ‘दत्तक गेले’ ह्या दोन शब्दप्रयोगांशी वाचकाची वारंवार गाठ पडते. वंशवृक्षाची एक फांदी एका पानावर खुंटते आणि दुसऱ्या शाखेच्या पानावर पुन्हा फुटते. ज्या घरी मूल आले त्या घराचा वृत्तांत सविस्तर असतो. वतन, वाडा, इनामजमीन, देवघर, कुलाचार ह्या सर्वांची नोंद सापडते. परंतु ज्या घरातून मूल गेले, त्या घरातील मातापित्यांना देण्या-न देण्याचा कोणता अधिकार होता, आईची संमती कोणी विचारली होती काय, आणि एकदा मूल दुसऱ्याच्या मांडीवर बसल्यानंतर त्यांचे त्याच्याशी काय नाते उरले, ह्याविषयी हे ग्रंथ मौन पाळतात. दत्तकाचा इतिहास आजवर बहुधा घेणाऱ्यांच्या बाजूने लिहिला गेला. तोच देणाऱ्यांच्या बाजूने पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शुनःशेपाची कथा

ह्या विषयाचा आरंभ ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाच्या आख्यानापासून करणे योग्य होईल. हरिश्चंद्र राजाला पुत्र नव्हता. वरुणाच्या कृपेने रोहित झाला, तो वरुणालाच बळी देण्याच्या अटीवर. रोहित अरण्यात निघून गेला आणि तेथे त्याला अजीगर्त नावाचा उपासमारीने गांजलेला ब्राह्मण भेटला. त्याला तीन पुत्र होते. आपल्याऐवजी एक पुत्र द्यावा, शंभर गाई देतो, असे रोहिताने म्हटल्यावर बापाने थोरल्याला सोडले नाही आणि आईने धाकट्याला सोडले नाही. उरला मधला शुनःशेप. तो विकला गेला. पुढे त्याला यूपाला बांधावयास कोणी धजेना, तेव्हा आणखी शंभर गाई घेऊन अजीगर्तानेच त्याला बांधले. आणि वध करावयास कोणी तयार होईना, तेव्हा तिसऱ्या शंभर गाई घेऊन तोच शस्त्र पाजळून पुढे आला. शुनःशेपाने देवतांची स्तुती केली, बंध गळून पडले, आणि तो जाऊन विश्वामित्राच्या अंकावर बसला.

आख्यानाचा खरा गाभा ह्यानंतर आहे. अजीगर्ताने आपला पुत्र परत मागितला. विश्वामित्राने तो दिला नाही. देवांनीच हा मला दिला आहे असे म्हणून त्याचे नाव देवरात ठेवले. बापाने पश्चात्ताप व्यक्त करून गाई देऊ केल्या. पण ज्याने माझ्यासाठी तीनशे गाई घेतल्या त्याच्याकडे मी परतणार नाही, असा शुनःशेपाच्या बोलण्याचा आशय आहे. मुलाबद्दल मोबदला घेऊ नये आणि झालेले दत्तकविधान फिरत नाही, ही पुढील कायद्याची दोन्ही तत्त्वे ह्या प्राचीन कथेत बीजरूपाने आढळतात. मराठीत दत्तक घेण्यास ‘मांडीवर घेणे’ म्हणतात. त्या शब्दप्रयोगाचे मूळ किती खोल असावे, हेही ह्या कथेवरून ध्यानी येते. मात्र तिच्यातील आई एकदाच दिसते. धाकट्याला कवटाळते आणि नाहीशी होते. दत्तकाच्या पुढील इतिहासात जन्मदात्रीची गत बहुधा अशीच झाली.

धर्मशास्त्राची भूमिका

वसिष्ठाच्या धर्मसूत्रात ह्या अधिकाराचे मूळ सांगितले आहे. पुत्र हा मातापित्यांच्या रजोवीर्यापासून उत्पन्न होतो, ती दोघे त्याचे कारण आहेत, म्हणून त्याला देण्याचे सामर्थ्य त्या दोघांनाच आहे, असा त्याचा आशय. म्हणजे दत्तकविधानाची पहिली अट घेणाऱ्याची इच्छा ही नसून देणाऱ्याचा अधिकार ही आहे. भाऊ भावाला देऊ शकत नाही, आजा नातवाला देऊ शकत नाही. मूल देऊ शकतात ते जन्मदातेच. मनूनेही आई किंवा बाप ह्यांनी आपत्काळी, प्रीतिपूर्वक, उदक सोडून दिलेला तो दत्तक, असे म्हटले आहे. त्यातील ‘आपत्काळी’ ह्या शब्दावर मिताक्षराकार विज्ञानेश्वराने नेमके बोट ठेवले: संकट नसता मूल देऊ नये, आणि हा निषेध देणाऱ्याला उद्देशून आहे.

दुसरे बंधन एकुलत्या एका पुत्राविषयी होते. एकच पुत्र असेल तर तो देऊ नये व घेऊही नये, कारण त्याने आपल्याच पूर्वजांची परंपरा चालवावयाची असते, असे वसिष्ठाने सांगितले. ह्यात जन्मदात्या घराचे रक्षण होते. जेथे दोन घरांना मिळून एकच मुलगा असे, तेथे द्व्यामुष्यायणाची तोड काढण्यात आली. हा मुलगा दोन्ही पित्यांचा समजला जाई, दोघांनाही पिंड देई आणि दोन्हीकडील वारसा घेई. जन्मदात्यांचे नाते शाबूत ठेवून दत्तक देण्याचा हा एकच मार्ग आपल्या शास्त्रात होता.

मात्र ‘मातापिता’ असे म्हणूनही शास्त्राने दोघांचा अधिकार समान मानला नाही. पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने पुत्र देऊ नये व घेऊ नये, असे वसिष्ठवचन आहे. त्याचा अर्थ प्रांतोप्रांती निराळा झाला. मिथिलेत विधवेला दत्तक घेताच येईना. बंगालमध्ये पतीची पूर्वानुज्ञा लागे. द्रविड देशात सपिंडांची संमती चाले. आणि आपल्या महाराष्ट्रात, हे वचन पती हयात असेपर्यंतचेच आहे असा अर्थ लावून, पतीने मनाई केली नसेल तर विधवेला स्वतःच्या अधिकाराने दत्तक घेता येऊ लागले. मूळ पैठणच्या भट्ट घराण्यातील काशीस्थ पंडित नीलकंठ ह्याच्या व्यवहारमयूखाला ह्या प्रांतात मोठा मान होता. विवाहित आणि पुत्रवान पुरुषसुद्धा दत्तक जाऊ शकतो, हे मतही त्याचेच. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे ह्यांनी आपल्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ ह्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात हा सारा वाद साकल्याने मांडला आहे.

घेण्याच्या बाबतीत महाराष्ट्रीय विधवेला असे स्वातंत्र्य मिळाले; देण्याच्या बाबतीत मात्र सधवेला ते नव्हते. बापाने आईला न विचारता मूल दिले तरी ते दान कायदेशीर ठरे. आईची संमती घ्यावी हा शिष्टाचार होता, अट नव्हती. पती निवर्तल्यावरच देण्याचा अधिकार तिच्याकडे येई.

राजवाडे आणि दत्तक

मराठी इतिहासातील दत्तकांची हकीकत सर्वश्रुत आहे. वेणगावच्या माधवराव नारायण भटांचा मुलगा धोंडोपंत १८२७ साली दुसऱ्या बाजीरावाच्या मांडीवर बसला आणि नानासाहेब पेशवे झाला. साताऱ्याचे संस्थान १८४८ त आणि झाशीचे १८५४ त दत्तक नामंजूर करून खालसा झाले. झाशीच्या गंगाधररावांनी १८५३ च्या नोव्हेंबरात, मृत्यूच्या आदल्या दिवशी, वासुदेवराव नेवाळकरांचा आनंदराव दत्तक घेतला व त्याचे नाव दामोदरराव ठेवले. ह्या प्रकरणी डलहौसीच्या सरकारने घेणाऱ्यांचा अधिकार नाकारला म्हणून आपण आजही संतापतो, आणि ते योग्यच आहे. पण ज्यांनी पोटचा मुलगा राज्यासाठी दिला आणि राज्यही गेलेले पाहिले, त्या घरांची नोंद कोणत्या बखरीत शोधावी?

पुढे वारा पालटला. १८६२ साली संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. १८७५ च्या मे महिन्यात बडोद्याच्या जमनाबाईसाहेबांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या काशीराव गायकवाडांचा बारा वर्षांचा मुलगा गोपाळराव दत्तक घेतला. तेच महाराजा सयाजीराव. काशीरावांचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ज्यांनी मूल दिले त्या मातोश्री उमाबाईंचे नाव किती जणांना सांगता येईल? कोल्हापुरास १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे ह्यांचे चिरंजीव यशवंतराव आनंदीबाईसाहेबांच्या मांडीवर बसले आणि शाहू छत्रपती झाले. तेथील प्रसंग विशेष होता. जन्मदाते आबासाहेब हेच कोल्हापूर राज्याचे रीजंट होते. म्हणजे धर्माने ज्याचे पितृत्व संपले होते, त्याच्याच हाती राज्यकारभाराने मुलाचे राज्य सोपविलेले होते. १८८६ साली आबासाहेब निवर्तले. मातोश्री राधाबाई तर मुलगा तीन वर्षांचा होण्यापूर्वीच, १८७७ साली, गेल्या होत्या.

राजवाड्याबाहेरचे उदाहरण पुण्याचे आहे. महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. वैधव्यात माता झालेल्या स्त्रियांना तेथे गुप्तपणे प्रसूत होता येई. तेथे आश्रय घेतलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा ह्या दांपत्याने आपला मानला. तोच डॉक्टर यशवंत. येथे बाप नाव सांगावयास पुढे येणार नव्हता, ज्ञाती आईला ओळख देणार नव्हती. अशा मातेला देण्याचा अधिकार आहे किंवा नाही, ह्याची चर्चा शास्त्रकारांनी केली नव्हती; तो प्रश्न पुण्याच्या त्या घराने आपल्यापुरता माणुसकीने सोडविला.

न्यायालयांचे निर्णय

इंग्रजी न्यायालये स्थापन झाल्यावर जन्मदात्यांचे प्रश्न साक्षीपुराव्याच्या पिंजऱ्यात उभे राहिले. त्यांपैकी काही निर्णय आपल्या घराण्यांच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहेत.

पहिला, एकुलत्या एका मुलाचा. मुंबई हायकोर्टाने असे दत्तक रद्द ठरविले होते. परंतु १८९९ साली प्रिव्ही कौन्सिलने, वसिष्ठाचे वचन हा नैतिक उपदेश आहे, कायद्याचा निषेध नव्हे, असे ठरवून एकुलत्या मुलाचे दत्तक कायम केले. जन्मदात्या घराच्या परंपरेला शास्त्राने घातलेले कुंपण त्या दिवशी पडले.

दुसरा निर्णय १९०१ चा. मुसलमान झालेल्या एका पित्याला आपला हिंदू मुलगा दत्तक देता येईल काय, असा प्रश्न मुंबई हायकोर्टापुढे आला. संमती हा पित्याचा अधिकार आहे, धर्मांतराने तो जात नाही. मूल हाती देण्याची प्रत्यक्ष कृती त्याने हिंदू भावाकडून करवून घेतली तरी चालेल, असे न्यायालयाने म्हटले. देण्याची इच्छा आणि देण्याची क्रिया ह्यांतील भेद येथे स्पष्ट झाला: क्रिया दुसऱ्याकडून करविता येते, इच्छा मात्र जन्मदात्याचीच असावी लागते.

तिसरा प्रश्न पाट लावलेल्या स्त्रीचा. पुनर्विवाहित विधवेला पहिल्या पतीपासून झालेला मुलगा दत्तक देता येतो काय? मुंबई हायकोर्टाने प्रथम नकारार्थी उत्तर दिले. पुढे १९०८ च्या सुमारास ते मत बदलून तिचा अधिकार मान्य केला. दुसरे घर केले म्हणून आईपण संपत नाही, हा त्या निर्णयाचा मथितार्थ होय.

चौथा, विवाहित दत्तकाचा. आपल्या प्रांतात मुलेबाळे झालेला पुरुष दत्तक जाऊ शके. तो गेल्यावर त्याच्या आधी जन्मलेल्या मुलाचे काय? न्यायालयाने सांगितले की तो मुलगा जन्मघरातच राहतो. बाप एका गोत्राचा आणि मुलगा दुसऱ्या गोत्राचा होतो. आणि १९३९ साली मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने ठरविले की, असा पिता दुसऱ्या कुळात गेला तरी त्या मुलाला दत्तक देण्याचा त्याचा अधिकार कायम राहतो. गोत्र तुटते, वारसा तुटतो, पण जन्म दिल्याचा अधिकार तुटत नाही.

आणि पाचवे, सर्वांत गाजलेले, ताईमहाराज प्रकरण. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित १८९७ साली वारले. त्यांच्या मृत्युपत्राच्या विश्वस्तांमध्ये लोकमान्य टिळक होते. १९०१ च्या जूनमध्ये औरंगाबादेस ताईमहाराजांनी निधोणे शाखेतील जगन्नाथ ह्या मुलास दत्तक घेतले. पुढे त्यांचे मन पालटले आणि त्यांनी कोल्हापूर शाखेतील दुसरा मुलगा घेतला. ह्यातून लोकमान्यांवर फौजदारी खटला झाला. १९०३ साली झालेली शिक्षा १९०४ साली हायकोर्टाने रद्द केली. दिवाणी दावा चौदा वर्षे चालला आणि मार्च १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाचे दत्तक कायम केले. एवढ्या प्रचंड वादाचा कणा एका लहान प्रश्नाचा होता: औरंगाबादेस त्या दिवशी मुलगा खरोखर दिला गेला काय, आणि तो खरोखर मांडीवर घेतला गेला काय? होमहवन, मेजवान्या, कागदपत्रे ह्या साऱ्यांहून देण्याघेण्याचा तो एक क्षण कायद्याने मोठा मानला.

१९५६ चा कायदा व नंतर

हिंदू संहितेचे विधेयक कायदेमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी चालविले. ते रखडले म्हणून १९५१ साली त्यांनी राजीनामा दिला. पुढे त्याचे भाग करून चार कायदे झाले. त्यांतील हिंदू दत्तक व निर्वाह कायदा २१ डिसेंबर १९५६ रोजी अंमलात आला. मुलगीही दत्तक देता-घेता येऊ लागली. दत्तहोम आवश्यक राहिला नाही. देणे आणि घेणे मात्र आवश्यक राहिले. जुन्या कायद्यात विधवेच्या दत्तकाचा परिणाम पतीच्या मृत्युदिनापर्यंत मागे जाई आणि भाऊबंदांच्या हाती आलेल्या जमिनी परत जात. ते बंद झाले.

जन्मदात्यांच्या दृष्टीने ह्या कायद्याचे नववे कलम मुख्य आहे. देण्याचा अधिकार पित्याचाच ठेवला, परंतु मातेच्या संमतीवाचून तो वापरता येणार नाही असे बंधन घातले. वसिष्ठाने ‘माता’ हा शब्द लिहिला; त्या शब्दाला धार आली ती १९५६ साली. पुढे २०१० साली संसदेने हे कलम पुन्हा बदलले. आता मातेला व पित्याला देण्याचा समान अधिकार आहे आणि एकाने दुसऱ्याच्या संमतीवाचून तो वापरावयाचा नाही. जोडीदाराने संन्यास घेतला असेल, तो हिंदू राहिला नसेल किंवा न्यायालयाने त्याला मनोविकल ठरविले असेल, तरच त्याची संमती लागत नाही.

ह्याच कलमाच्या स्पष्टीकरणात, ‘माता’ व ‘पिता’ ह्या शब्दांत दत्तक माता व दत्तक पिता येत नाहीत असे म्हटले आहे. म्हणजे एकदा दत्तक घेतलेले मूल घेणाऱ्यांना पुढे दुसऱ्याला देता येत नाही. १९७५ साली सुप्रीम कोर्टाने सावत्र आईलाही हा अधिकार नाही असे ठरविले. मातापिता दोघेही नसतील किंवा त्यांनी मूल टाकले असेल, तेव्हा पालकाला, तेही न्यायालयाच्या परवानगीने, मूल देता येते.

अधिकाराची दुसरी बाजूही कठोर आहे. दत्तकाच्या दिवसापासून मुलाचे जन्मकुळाशी सर्व संबंध तुटतात. विवाहातील निषिद्ध नाती तेवढी राहतात, आणि आधीच त्याच्या नावे झालेली मिळकत त्याच्याकडे राहते. मुलगा निपुत्रिक वारला तर जन्मदात्री त्याची वारस नसते. पंधराव्या कलमाप्रमाणे झालेले दत्तक कोणालाही रद्द करता येत नाही, आणि मुलालाही जन्मघरी परतता येत नाही. सतराव्या कलमाने मुलाच्या मोबदल्यात पैसा देणे-घेणे गुन्हा ठरविला. अजीगर्ताच्या तीनशे गाई कायद्याच्या पुस्तकात शिरल्या त्या अशा.

संस्थांमार्फत होणाऱ्या दत्तकाचा ओघ वाढला तेव्हा परिस्थितीने गांजलेल्या मातांचा प्रश्न पुढे आला. १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे ह्यांच्या अर्जावर न्यायमूर्ती भगवती ह्यांनी दिलेल्या निकालात, जन्मदात्यांवर दडपण येऊ नये, त्यांना परिणामांची पूर्ण कल्पना द्यावी आणि मूल जन्मण्यापूर्वी संमती घेऊ नये, अशी तत्त्वे सांगितली गेली. २०१५ च्या बालन्याय कायद्याने त्यांना निश्चित रूप दिले. मूल सोपविणाऱ्या मातापित्यांनी बालकल्याण समितीसमोर यावे लागते. समिती त्यांना समजावून सांगते, चौकशी करते, आणि लेख करून दिल्यावरही फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत असते. अविवाहित मातेचे मूल असेल तर ते सोपविण्याचा अधिकार तिचाच. दत्तक गेलेल्या मुलाला मोठेपणी आपले मूळ शोधण्याचा मार्गही नियमांत ठेविला आहे; पण त्यायोगे जन्मदात्रीच्या गुप्ततेचा भंग होऊ नये, ही मर्यादा घातली आहे.

नातलगांत परस्पर होणारे दत्तक मात्र आजही १९५६ च्या कायद्याने होतात, आणि आपल्या ज्ञातीतील बहुतेक दत्तके ह्याच प्रकारची असतात. दिराच्या घरी, नणंदेच्या घरी, चुलत घराण्यात मूल दिले जाते. वडीलधारी बैठक घेतात, ठरवितात, आणि ‘सुनेचे म्हणणे काय असणार, ती का नाही म्हणेल!’ असे म्हणून विषय संपवितात. ह्या वाक्याला कायद्यात आता स्थान नाही. समितीपुढे येणाऱ्या परक्या मातेला दोन महिन्यांचा अवधी मिळतो. आपल्या घरच्या सुनेला तो कायदा देत नाही, म्हणून घरानेच तो द्यावयास हवा. दत्तकपत्र नोंदवावे, त्यावर देणाऱ्या मातेने ते वाचून, समजून सही करावी. कारण देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या सह्यांच्या नोंदणीकृत पत्रावरून न्यायालय दत्तक यथाविधी झाले असे गृहीत धरते, आणि ती सही एकदा झाली की मागे फिरण्याचा रस्ता उरत नाही.

आमची दुसरी सूचना कुळवृत्तांताच्या संपादकांना आहे. नातलगांतील ज्या दत्तकांची हकीकत घरादारांत सर्वांना ठाऊक आहे, तेथे ‘अमुक शाखेतून दत्तक आले’ एवढ्यावर न थांबता जन्मदात्या पित्याबरोबर जन्मदात्या मातेचेही नाव लिहावे. जेथे मूल संस्थेतून आले असेल तेथे त्याच्या मूळाची चौकशी करू नये. औरसाप्रमाणेच त्याची नोंद करावी आणि ज्या अज्ञात मातेने ते जगाच्या हाती सोपविले तिच्या गुप्ततेचा मान राखावा. एकीचे नाव लिहिणे आणि दुसरीचे न लिहिणे, ही दोन्ही एकाच ऋणाची फेड होय.

आपल्या किती घराण्यांचे दिवे अशा दिलेल्या मुलांनी तेवत ठेविले आहेत, हे ह्या ज्ञातीला सांगावयास नको. ज्यांच्या मांडीवर ती आली त्यांचे श्राद्ध आपण करतोच. ज्यांच्या मांडीवरून ती उठली, त्यांचे निदान नाव तरी पुढील पिढीच्या वाचनात यावे, अशी ज्ञातिबांधवांना व भगिनींना नम्र विनंती आहे.